चेहऱ्यावरचा मुरूम, शरीरातले कारण

काही शब्द जन्मतःच एक समजूत बरोबर घेऊन येतात. 'तारुण्यपिटिका' हा तसा शब्द आहे. ही पुटकुळी तारुण्याची सोबतीण, ती सोळाव्या वर्षी येणार आणि विशी ओलांडताच निघून जाणार, तिची चिंता कसली करावयाची, असे हे नावच आपल्याला सांगते. हा समज आजकालचा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात या विकाराला 'मुखदूषिका' म्हटले आहे. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पिटिकांना तेथे सावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे, आणि कफ, वात व रक्त ही त्यांची कारणे सांगितली आहेत. इंग्रजीतील 'ॲक्ने' हा शब्दही ऐन भर किंवा शिखर अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असावा, असे कोशकार मानतात. पूर्व काय किंवा पश्चिम काय, नाव ठेवणाऱ्यांनी तरुणांकडेच पाहिले. पंचविशी-तिशीतल्या स्त्रीच्या हनुवटीवर मुरूम उठले, की नाव ठेवणाऱ्यांच्या जागी मग नावे ठेवणारे येतात.

या विषयाकडे आम्ही वळलो ते हिमायतनगरातील एका भगिनींच्या पत्रामुळे. ओळख पटू नये इतका फरक करून त्या पत्राचा आशय येथे देतो. त्यांची कन्या अठ्ठावीस वर्षांची आहे, एका बँकेत नोकरीस आहे. शाळेत असताना तिचा चेहरा नितळ होता. पंचविशीनंतर जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर मुरूम येऊ लागले. ते दुखतात, आणि गेले तरी डाग ठेवून जातात. घरातील वडीलधाऱ्यांचे निदान असे की, अंगात उष्णता आहे, पोट साफ नाही, रात्री जागते, आणि लग्न झाले म्हणजे सर्व आपोआप जाईल. मुलगी पाहावयास आलेल्या दोन कुटुंबांनी पुढे काही कळविले नाही. तेव्हापासून ती लग्नकार्याला आणि हळदीकुंकवाला जाण्याचे टाळते. मानेवर काळसर थर दिसतो, म्हणून आई लिंबाची फोड घेऊन दर रविवारी मान चोळते. तो थर मात्र हटत नाही. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे : तिची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. आणि प्रश्न विचारला आहे तो असा : चेहऱ्यासाठी कोणते उटणे लावावे?

वाचकहो, आम्ही वैद्य नव्हे. भाषेचे शिक्षक आहो. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यात आमचा जन्म गेला आहे, आणि त्या अनुभवावरून एवढे सांगू शकतो की, पुष्कळ वेळा उत्तर चुकत नाही, प्रश्नच चुकीच्या ठिकाणी ठेवलेला असतो. या मातोश्रींच्या पत्रातील महत्त्वाचे वाक्य शेवटचे होते. त्यांनी मात्र ते तळटीपेसारखे लिहिले. उटण्याचा विचार मागाहून करावा. पाळी, मानेवरील काळेपणा आणि मुरूम या तीन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतून एकच वाक्य तयार होण्याचा संभव आहे. ते वाक्य कसे वाचावे, हे जाणत्या डॉक्टरांशी बोलून आणि वाचून जे कळले, ते येथे मांडतो.

प्रथम मुरूम म्हणजे काय, ते पाहू. त्वचेतील केसाच्या मुळाशी एक लहानशी तैलग्रंथी असते. तिच्यातून झिरपणारे तेल त्वचेला मऊ ठेवते. तेल अधिक झाले आणि रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसले, की तेल आत कोंडते. त्वचेवर नेहमीच वस्तीला असलेला एक जिवाणू त्या कोंडलेल्या तेलात वाढतो, सूज येते, आणि मुरूम तयार होतो. तेव्हा मुरूम म्हणजे मळ नव्हे. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुतल्याने तो जात नाही. त्वचा मात्र कोरडी पडून चुरचुरते.

आता या तैलग्रंथीला अधिक तेल गाळण्याचा हुकूम कोण देते? अँड्रोजेन या नावाने ओळखली जाणारी संप्रेरके. त्यांतील टेस्टोस्टेरॉन हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ही पुरुषांची संप्रेरके, असे आपण शिकलो. परंतु स्त्रीच्या शरीरातही बीजकोश आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ती थोड्या प्रमाणात तयार करतातच. एवढेच नव्हे, तर त्वचा स्वतः टेस्टोस्टेरॉनचे अधिक तीव्र रूप बनवून घेते. यकृत एक प्रथिन तयार करते, ते रक्तातील टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते. जे धरलेले आहे ते स्वस्थ असते. जे सुटे आहे तेच काम करते. म्हणून केवळ किती तयार झाले हे महत्त्वाचे नाही, सुटे किती राहिले हेही महत्त्वाचे आहे.

येथेच इन्सुलिनचा प्रवेश होतो. इन्सुलिन म्हटले की आपल्याला मधुमेह आठवतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींच्या आत पोचविणे हे त्याचे नित्याचे काम. काही माणसांच्या पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून साखर काबूत ठेवते. आमच्या धंद्यातील दृष्टांत देतो. एका हाकेने वर्ग गप्प बसेनासा झाला, की गुरुजी आवाज चढवितात. वर्ग कसाबसा शांत होतो. परंतु तो चढलेला आवाज शेजारच्या वर्गांनाही ऐकावा लागतो. येथे शेजारचे वर्ग म्हणजे बीजकोश, यकृत आणि त्वचा. वाढलेले इन्सुलिन बीजकोशाला अधिक अँड्रोजेन तयार करावयास लावते. यकृतातील ते धरून ठेवणारे प्रथिन कमी करते, त्यामुळे सुटे टेस्टोस्टेरॉन वाढते. आणि इन्सुलिनसारख्याच एका वृद्धिघटकाच्या साहाय्याने तैलग्रंथीलाही चेतवते. या सर्व काळात रक्तातील साखर तपासली, तर ती अगदी व्यवस्थित असू शकते. कारण गुरुजींनी आवाज चढवून वर्ग ताब्यात ठेवलेला असतो. गुरुजींचा घसा बसला, म्हणजे मधुमेह उघड होतो.

साखर आणि अँड्रोजेन यांचे हे नाते वैद्यकाच्या नजरेस फार पूर्वी पडले होते. १९२१ साली आशार आणि तिएर या दोन फ्रेंच डॉक्टरांनी दाढीसारखे केस उगवलेल्या स्त्रियांतील मधुमेहाविषयी लिहिले. १९३५ साली अमेरिकेतील शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली : पाळी अनियमित, बीजकोश मोठे झालेले, काहींच्या अंगावर केस. त्यावरून पुढे जे नाव रूढ झाले ते 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम', म्हणजेच घरोघरी ऐकू येणारे 'पीसीओएस'. हे नावही तारुण्यपिटिकेसारखेच दिशाभूल करणारे आहे. सोनोग्राफीत जे दिसतात ते गळू किंवा गाठी नव्हेत. वाढ अर्धवट थांबलेल्या बीजपुटिका असतात. 'पोटात गाठी आहेत' एवढे ऐकून घरात जो आकांत होतो, तो या नावाने उगाच घडविला आहे. १९८० साली अमेरिकी संशोधकांनी अशा स्त्रियांच्या रक्तातील इन्सुलिन आणि अँड्रोजेन बरोबरच वाढलेली असतात, असे दाखविले, आणि मूळ प्रश्न केवळ बीजकोशाचा नसून सबंध शरीराच्या चयापचयाचा आहे, या विचाराला बळ आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननवयातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८ ते १३ जणींना हा विकार असतो, आणि त्यांतील पुष्कळ जणींना त्याचा पत्ताच नसतो. आपल्या जवळची उदाहरणे पाहावयाची, तर मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वर्षांच्या ७७८ मुली व तरुणी तपासल्या. त्याचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका प्रचलित निकषाने त्यांपैकी २२.५ टक्के, आणि दुसऱ्या अधिक कडक निकषाने १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. पूर्वीच्या आंध्र प्रदेशातील एका निवासी महाविद्यालयात १५ ते १८ वर्षांच्या ४६० मुलींची तपासणी झाली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हे प्रमाण ९.१३ टक्के निघाले. निकष बदलला की आकडा बदलतो, हे खरे. परंतु कोणताही निकष घेतला, तरी चाळीस मुलींच्या एका वर्गात अशा तीन-चार जणी बसलेल्या असणार, असा त्याचा अर्थ होतो. आम्ही शाळेच्या हजेरीपटाकडे पाहतो, तेव्हा हे गणित आठवल्यावाचून राहत नाही.

मुंबईच्या पाहणीतील आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. विकार आढळलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के स्थूल नव्हत्या. 'आमची मुलगी तर काडी आहे, तिला कसली साखर आणि कसले इन्सुलिन', असे म्हणणाऱ्या आयांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. याचे स्पष्टीकरण आपल्याच पुण्यातून मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि आपल्या इंग्रज मित्राचे, डॉ. जॉन युडकिन यांचे, एक छायाचित्र दिले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; म्हणजे काट्यावर दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बाहेरून कृश, आतून मेदयुक्त, अशी ही आपली भारतीय ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे वजनाचा धोक्याचा निर्देशांक २५ ऐवजी २३ पासूनच धरतात, आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरांहून, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांहून अधिक असल्यास लक्ष देण्यास सांगतात. आरसा फसवितो, काटाही फसवितो. शिंप्याची टेप त्या मानाने खरे बोलते.

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. मोठ्या वयात मुरूम आले म्हणजे पीसीओएस झालेच, असे मुळीच नाही. अमेरिकेतील अलाबामा येथील डॉक्टरांनी २००८ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. विशीतील स्त्रियांपैकी ५०.९ टक्के, तिशीतील ३५.२ टक्के, चाळिशीतील २६.३ टक्के आणि पन्नाशी व त्यापुढील १५.३ टक्के स्त्रियांनी आपल्याला मुरूम येत असल्याचे सांगितले. इतक्या साऱ्या जणींना हा विकार असणे शक्य नाही. उलट, मोठ्या वयातील मुरूम असणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची संप्रेरके रक्ततपासणीत नेहमीच्या मर्यादेतच आढळतात. त्यांच्या तैलग्रंथी तेवढ्याच संप्रेरकाला अधिक जोराने प्रतिसाद देतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरूम वाढणे हेही पुष्कळ जणींना होते, आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काही वेळा औषधेही कारण होतात : स्टेरॉइडे, बी-१२ च्या सुया, क्षयावरील काही गोळ्या. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत.

मग काळजी केव्हा करावयाची? मुरमांच्या जोडीला पुढीलपैकी काही आहे का, हे घरातच पाहता येते. पाळी ३५ दिवसांहून अधिक अंतराने येते का, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते का? हनुवटी, ओठाच्या वर, छाती किंवा पोटावर जाड काळे केस येतात का, आणि डोक्यावरचे विरळ होत आहेत का? मान, काख, जांघ येथे मखमलीसारखा जाडसर काळेपणा आला आहे का? आई, वडील, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला मधुमेह आहे का? यांतील मानेचा काळेपणा विशेष सांगावासा वाटतो. तो मळ नव्हे. वाढलेल्या इन्सुलिनमुळे त्या जागच्या त्वचेच्या पेशी अधिक वाढतात, म्हणून ती जाड व काळी होते. लिंबू, दगड, काथ्या यांनी चोळून तो जाणार नाही. आतील इन्सुलिन उतरले, म्हणजे तो हळूहळू फिका पडतो. किती मुलींनी या एका खुणेपायी 'नीट अंघोळ करीत नाहीस' अशी बोलणी खाल्ली असतील, याचा विचार मनाला चुटपुट लावतो.

आणखी एक खूण मात्र तातडीची आहे. थोड्याच महिन्यांत एकाएकी अंगावर केस वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी बंद पडली, तर थांबू नये. क्वचित त्यामागे संप्रेरक तयार करणारी गाठ असू शकते.

अशा खुणा असल्यास प्रथम कोणाकडे जावे? स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकांचे तज्ज्ञ, यांपैकी कोणाकडूनही आरंभ होऊ शकतो. आपल्या हैदराबादेत उस्मानिया आणि गांधी या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाचे विभाग आहेत. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, म्हणून दुखणे अंगावर काढण्याचे कारण नाही. डॉक्टर पाळीचा इतिहास विचारतील. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशा काही चाचण्या सांगतील. साखर तपासतील, आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करतील. तीन गोष्टींपैकी दोन असल्या, म्हणजे पाळीची अनियमितता, अँड्रोजेन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र, आणि तसे दिसण्यास दुसरे कारण नसले, तर पीसीओएसचे निदान करतात. शाळकरी मुलींच्या बाबतीत मात्र घाई नको. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनच आहे. त्या वयात तसे चित्र निरोगी मुलींतही दिसते.

हे सर्व केवळ चेहऱ्यासाठी करावयाचे काय? मुळीच नाही. हा विकार असलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा, गर्भारपणात साखर वाढण्याचा संभव अधिक असतो. महिनोन्‌महिने पाळी येत नसेल, तर गर्भाशयाच्या आतील अस्तर वाढत राहते आणि कालांतराने तेथे कर्करोगाचा धोका वाढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज दिला आहे. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या तरुणीच्या बाबतीत हनुवटीवरील मुरूम आणि मानेवरील काळेपणा ही दहा-पंधरा वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते. सूचना मिळाली असता तिच्यावर पावडर लावून ती झाकणे हे शहाणपणाचे नव्हे.

आता घरात करता येण्याजोग्या गोष्टी. आपली बहुतेक घराणी मराठवाड्यातून किंवा देशावरून येथे आली. आपल्या आज्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, अंबाडीची भाजी असे. दोन-तीन पिढ्यांत भाकरीची जागा पॉलिशच्या पांढऱ्या भाताने घेतली. त्यात दिवसातून तीनदा इराणी चहा आणि सोबत उस्मानिया बिस्किटे आली. या पदार्थांशी आमचे वैर नाही. परंतु पांढरा भात, मैदा व साखर यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढते, आणि तिच्यामागोमाग इन्सुलिनही चढते. आपल्याच शहरात तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी जे लहानसे काम सुरू झाले, तीच ही संस्था. ती १९५८ साली हैदराबादेस आली. राजेंद्रनगरला भरड धान्यांची संशोधन संस्था आहे. येथील संशोधकांनी ज्वारीच्या पदार्थांची तुलना तांदूळ-गव्हाच्या पदार्थांशी केली, तेव्हा ज्वारीच्या पदार्थांनी रक्तशर्करा कमी वेगाने वाढते असे त्यांना आढळले. म्हणजे आजीचे ताट प्रयोगशाळेतून उत्तीर्ण होऊन परत आले आहे.

आहाराने मुरूम बरे होतात काय? २००७ साली ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवरील एका प्रयोगात त्यांच्यातील एका गटाला १२ आठवडे साखर हळू चढविणारा आहार दिला. त्यांचे मुरूम तुलनेच्या गटाहून अधिक कमी झाले. हा प्रयोग लहान होता आणि तरुण मुलांवर होता, हे विसरता कामा नये. आहार हे मुरमांचे औषध नव्हे, औषधाचा सोबती आहे. दुधाविषयीही बोलले जाते. अमेरिकेतील सुमारे ४७ हजार परिचारिकांच्या पाहणीत शाळकरी वयात अधिक दूध, विशेषतः साय काढलेले दूध, पिणे आणि मुरूम यांचा संबंध दिसला होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. यासाठी कोणी घरातील दूधदुभते बंद करू नये. व्यायामशाळेत दुधाच्या प्रथिनांची भुकटी घेणाऱ्या मुलींना त्यानंतर मुरूम वाढल्यासारखे वाटत असेल, तर ती काही काळ थांबवून पाहावी, एवढेच. आहाराइतकाच व्यायाम महत्त्वाचा. वजन अधिक असेल, तर त्यातील पाच ते दहा टक्के उतरल्यानेही पुष्कळ जणींची पाळी सुधारते. वजन बेताचे असले, तरी रोज झपाझप चालणे आणि स्नायूंना श्रम देणे यांनी पेशी इन्सुलिनचे पुन्हा ऐकू लागतात. आमच्या दृष्टांतात सांगावयाचे, तर वर्ग एका हाकेला गप्प बसू लागतो.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून मलम आणून चेहऱ्यास लावणे ही आपल्याकडील मोठी खोड आहे. गोरे करणारे म्हणून जी मलमे खपतात, त्यांतील काहींत तीव्र स्टेरॉइडे असतात. पहिले काही दिवस चेहरा खरोखरच उजळ दिसतो, आणि तेथेच माणूस फसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, केस उगवतात, आणि मुरूम दुपटीने उसळतात. देशातील १२ केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारीसाठी आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे दर सातांमध्ये एक, चेहऱ्यास अशी स्टेरॉइडे लावीत असल्याचे आढळले. त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा होता. २०१८ साली सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली. कायदा झाला, आपली सवय बदलणे आपल्या हाती आहे. ज्यांनी असे मलम महिनोन्‌महिने लावले आहे, त्यांनी मात्र ते एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे.

योग्य उपचार आज पुष्कळ आहेत. लावण्याची औषधे आहेत. संप्रेरकांच्या संयुक्त गोळ्या आहेत. इन्सुलिनच्या तक्रारीवर मेटफॉर्मिन आहे. आणि मुळात रक्तदाब व सूज यांसाठी निघालेले स्पायरोनोलॅक्टोन आहे. २०२३ साली इंग्लंड-वेल्समधील ४१० स्त्रियांवरील प्रयोगात मुरमांवर त्याचा उपयोग दिसला. मात्र खरा फरक पडावयास चोवीस आठवडे लागले. यावरून धीर धरण्याचा धडा घ्यावा. दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणारे लोक रोगाला नव्हे, उपचारालाच दमवितात. यांतील काही औषधे गर्भाला घातक आहेत. विशेषतः आयसोट्रेटिनॉइन या गोळीने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. विवाह ठरत असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये, हे सांगणे न लगे.

'लग्न झाले की जाईल' या वाक्याविषयी दोन शब्द लिहितो. विवाहाने इन्सुलिन उतरत नाही. उलट या एका वाक्याने उपचाराची उमेदीची वर्षे वाया जातात, आणि पुढे मूल होण्यास विलंब लागला, म्हणजे त्याच मुलीला दुसऱ्यांदा दोषी ठरविले जाते. वास्तविक या विकाराच्या बहुतेक स्त्रियांना, कधी स्वाभाविकपणे तर कधी औषधाच्या मदतीने, मूल होते. चेहऱ्यावरील मुरमांवरून मुलीच्या स्वच्छतेची, आहाराची किंवा चारित्र्याची परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील मधुमेहाची वंशावळ एकदा लिहून काढावी. आणि अशी मुलगी माणसांत यावयाचे टाळू लागली, तर तो तिचा तोरा समजू नये. या विकारात खिन्नता आणि चिंता अधिक आढळतात. डॉक्टरांनी त्यांचीही विचारपूस करावी, असे मार्गदर्शन आहे. घरच्यांनी ती करावयास कोणाच्या मार्गदर्शनाची वाट पाहू नये.

शेवटी आमच्या मूळ विषयाकडे, भाषेकडे येतो. आपल्या घरांत मासिक पाळीला अजूनही कावळा शिवणे, बाजूला बसणे अशी आडवळणाची नावे आहेत. मुलगी दवाखान्यात तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजीत बोलते, आईशी मराठीत बोलते, आणि वडिलांशी या विषयावर कोणत्याच भाषेत बोलत नाही. परमुलखात आपण मराठी जपली, ती केवळ सणावारी भाषणे करण्यासाठी नव्हे. जिवाभावाची, अडचणीची गोष्ट ज्या भाषेत निःसंकोच सांगता येते तीच मातृभाषा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक मराठी घरात दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर आपण एकादशी पाहतो, दुधाचे खाडे लिहितो, गॅसचे सिलिंडर केव्हा लावले त्याची खूण करतो. त्याच चौकोनांत घरातील मुलीने आपल्या पाळीची तारीख एका लहानशा फुलीने नोंदवावी, आणि आईने, आई नसेल तर वडिलांनी, दर तीन महिन्यांनी त्या फुल्यांमधील दिवस मोजावेत. पस्तिसांच्या पुढे गेले, तर उटण्याची चौकशी करण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. यास खर्च एका पेन्सिलीचा आहे.